सातव्या इमारतीचा प्रश्न : इमारत कोसळण्यामागच्या कटाचे दावे आणि त्यांची खंडने कशी तोलावीत

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे कोसळले, ते साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिले. त्याच सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी त्याच संकुलातली तिसरी एक उंच इमारतही जमीनदोस्त झाली, हे मात्र पुष्कळांना अजूनही ठाऊक नसते. ४७ मजल्यांच्या या सातव्या क्रमांकाच्या इमारतीवर कोणतेही विमान आदळले नव्हते. सकाळी १० वाजून २८ मिनिटांनी उत्तर मनोरा पडला तेव्हा त्याचा जळता ढिगारा तिच्यावर येऊन आदळला, तिच्यात आगी लागल्या, आणि सुमारे सात तास जळल्यानंतर ती काही सेकंदांत खाली बसली. त्या पडण्याचे चित्रण पहिल्यांदा पाहणाऱ्याला ‘ही तर सुरुंग लावून पाडल्यासारखी दिसते’ असे वाटले, तर त्यात त्याचा काहीच दोष नाही. मलाही तसेच वाटले होते.

प्रश्न आहे तो त्या वाटण्याच्या पुढे कसे जायचे हा. एका बाजूला कट झाला असे सांगणारे तासतासभराचे व्हिडिओ आहेत, दुसऱ्या बाजूला त्यांची टर उडवणारे लेख आहेत, आणि दोन्हीकडे आकडे, आलेख व पदव्या लावणारी माणसे आहेत. स्थापत्य अभियांत्रिकी न शिकलेल्या वाचकालाही हे दावे बऱ्याच अंशी तोलता येतात, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी एक वही लागते, थोडी चिकाटी लागते, आणि आपल्याला न आवडणाऱ्या बाजूला जो तराजू लावतो तोच आवडत्या बाजूलाही लावण्याची तयारी लागते. पुढची पद्धत मी मुख्यतः या सातव्या इमारतीच्या आधारेच सांगणार आहे, कारण तिच्याविषयी दोन्ही पक्ष काही ठिकाणी बरोबर आणि काही ठिकाणी चूक ठरलेले आहेत.

दावा आधी सोलून घ्यावा

‘ही इमारत मुक्त पतनाने खाली आली, म्हणजे ती सरकारने स्फोटकांनी पाडली’ हे वाक्य एका दमात म्हणता येते, पण त्यात चार वेगवेगळी विधाने दडलेली आहेत. इमारत मुक्त पतनाने, म्हणजे खाली कसलाच अडथळा नसल्यासारखी, खाली आली, हे निरीक्षण. त्या वेळी तिच्या खालचा आधार एकाच वेळी नाहीसा झालेला होता, हे पहिले अनुमान. तो आधार स्फोटकांनी काढला, हे दुसरे. आणि ते काम अमुक माणसांनी केले, हा आरोप. वहीत या चार ओळी एकाखाली एक लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे तिला कोणता पुरावा लागेल ते नोंदवावे. पहिलीला चित्रण आणि मोजमाप पुरते, दुसरीला इमारतीच्या सांगाड्याचा अभ्यास लागतो, तिसरीला आवाज, अवशेष आणि पूर्वतयारीच्या खुणा लागतात, तर चौथीला माणसे, पैसा आणि कागदपत्रे लागतात. पहिली ओळ खरी ठरल्याने चौथी आपोआप खरी ठरत नाही. तसे मानणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे. पण चौथी हास्यास्पद वाटते म्हणून पहिली खोटी ठरवणे हीही तितकीच मोठी चूक आहे, आणि ती खंडन करणाऱ्यांच्या हातून वारंवार होते.

या पहिल्या ओळीचा इतिहास बोलका आहे. इमारतीची अधिकृत चौकशी करणाऱ्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’ने, म्हणजे निस्टने, ऑगस्ट २००८ मध्ये आपल्या अहवालाचा मसुदा जाहीर केला. चित्रणात दिसणारे वरचे १८ मजले खाली येण्यास ५.४ सेकंद लागले, मुक्त पतनाला ३.९ सेकंद पुरले असते, तेव्हा पतन मुक्त नव्हते, असे त्यात म्हटले होते. डेव्हिड चँडलर या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाने चित्रणाची एकेक चौकट मोजली आणि ही सरासरी दिशाभूल करणारी आहे, मधला काही काळ इमारत अगदी मुक्तपणे पडत होती, असे जाहीरपणे मांडले. नोव्हेंबर २००८ च्या अंतिम अहवालात निस्टने पतनाचे तीन टप्पे मान्य केले. पहिले १.७५ सेकंद वेग कमी होता, नंतरचे २.२५ सेकंद, म्हणजे सुमारे आठ मजल्यांच्या किंवा ३२ मीटरांच्या अंतरात, इमारत गुरुत्व त्वरणाने खाली आली. आणि मग तिला पुन्हा अडथळा होऊ लागला. कटावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने केलेले मोजमाप बरोबर होते आणि सरकारी संस्थेच्या मसुद्यातले विधान अपुरे होते. वहीत पहिल्या ओळीपुढे ‘खरे, मर्यादित काळासाठी’ असे लिहायला संकोच वाटू नये.

मात्र पेन तिथेच थांबवावे. त्या २.२५ सेकंदांत बाहेरच्या खांबांनी नगण्य अडथळा केला, एवढेच त्यातून निघते. आतला सांगाडा आधीच कोसळलेला होता आणि बाहेरचे खांब वाकून निकामी झालेले होते, असे निस्टचे स्पष्टीकरण आहे. वाकणारा पोलादी खांबही थोडा तरी विरोध करील, मग तो मोजमापात का दिसत नाही, असे जे विचारतात त्यांचा प्रश्न अभियांत्रिकीचा आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. पण त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही असे क्षणभर मानले, तरी तिसऱ्या ओळीपुढची जागा रिकामीच राहते.

चित्रण कोठून सुरू होते ते पाहावे

आमच्या कौटुंबिक गटावर नागपूरच्या मामांनी दोनेक वर्षांपूर्वी या इमारतीचा एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात छताची रेषा सरळ आडवी राहून इमारत एकसंध खाली जाताना दिसते, आणि इतके समतोल पतन आगीमुळे कसे होईल, असा प्रश्न खाली लिहिलेला होता. मी त्याच प्रसंगाची लांब चित्रणे शोधली. त्यांत आणखी काही दिसते : छताची रेषा हलण्याच्या सुमारे सात सेकंद आधी इमारतीच्या पूर्व टोकाला गच्चीवर असलेली यंत्रखोली आत खचते आणि नाहीशी होते. मामांना मिळालेला व्हिडिओ नेमका त्यानंतर सुरू होत होता.

या सात सेकंदांनी सगळा प्रश्नच बदलतो. यंत्रखोली आत गेली याचा अर्थ तिच्या खालचे काहीतरी आधीच गेलेले होते, म्हणजे आपण जे ‘समतोल पतन’ पाहतो ते एका दीर्घ घटनेचे शेवटचे दृश्य आहे. निस्टच्या मते सुरुवात तेराव्या मजल्यावर, इमारतीच्या पूर्व भागातल्या ७९ क्रमांकाच्या खांबाजवळ झाली. तिथले लांब पल्ल्याचे पोलादी बीम आगीत तापून लांबले. उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावतात म्हणून रेल्वे त्यांच्यात फट ठेवत असे हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. इथे फट नव्हती, त्यामुळे लांबणाऱ्या बीमांनी ७९ आणि ४४ या खांबांमधल्या मुख्य गर्डरला, म्हणजे बीमांना आधार देणाऱ्या जाड तुळईला, त्याच्या खांबावरच्या बैठकीवरून बाजूला ढकलले. तो मजला खालच्या मजल्यावर पडला, तो आणखी खालच्यावर, असे होत पाचव्या मजल्यापर्यंत पडझड गेली. मजले हे खांबाला बाजूने धरून ठेवणारे हात असतात. नऊ मजल्यांच्या उंचीत ते हात सुटल्यावर ७९ क्रमांकाचा खांब वाकला, त्याच्यावरची यंत्रखोली खचली, शेजारचे ८० आणि ८१ क्रमांकाचे खांब गेले, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे आतला सांगाडा कोसळत गेला, आणि शेवटी पोकळ झालेले बाहेरचे कवच खाली आले.

हे स्पष्टीकरण शेवटपर्यंत पटो वा न पटो, ते त्या सात सेकंदांचा हिशेब देते. कोणताही व्हिडिओ तपासताना म्हणून आधी त्याची सर्वांत लांब आवृत्ती शोधावी, तो कोणत्या दिशेने घेतलेला आहे ते पाहावे, कारण सातव्या इमारतीची लोकप्रिय चित्रणे उत्तरेकडची आहेत आणि ढिगाऱ्याने झालेले नुकसान दक्षिणेकडे होते, आणि मूळ आवाज ठेवला आहे की त्यावर संगीत चढवले आहे हेही ऐकावे. गंभीर संगीत चढवलेला व्हिडिओ मी तरी पुरावा म्हणून वहीत घेत नाही.

मूळ कागद उघडावा, आणि त्याची तारीखही पाहावी

‘विमानाच्या इंधनाने पोलाद वितळत नाही’ हे दोन मनोऱ्यांविषयीचे वाक्य आता विनोदाचा विषय झाले आहे. गंमत अशी की ते खरे आहे. पोलाद साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळते आणि इमारतीतली आग तिथवर पोहोचत नाही. पण निस्टचा २००५ चा अहवाल पोलाद वितळले असे म्हणतच नाही. सुमारे ६०० अंशांना पोलादाची ताकद निम्म्यावर येते. विमानांच्या धडकेने पोलादावरचे अग्निरोधक आवरण खरवडले गेले. इंधन काही मिनिटांतच जळून गेले आणि पुढे कार्यालयांतले कागद, फर्निचर जळत राहिले. मजले झोळ खाऊन बाहेरच्या खांबांना आत ओढू लागले आणि ते खांब आत वाकून गेले, असे तो म्हणतो. आतले वाकणे चित्रणांत आणि छायाचित्रांत दिसते. जे विधान प्रतिपक्षाने केलेच नाही त्याचे खंडन कितीही बिनचूक असले तरी ते जमेस धरायचे नसते.

तारखेचे महत्त्व वेगळे सांगायला हवे. मे २००२ मध्ये ‘फेमा’ या अमेरिकी आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा प्राथमिक अहवाल आला. सातव्या इमारतीतल्या जनित्रांसाठी साठवलेल्या डिझेलच्या आगीची शक्यता त्यात तपासली होती, आणि त्या वेळी सर्वांत बरी वाटणारी ती शक्यताही कमी संभवाची आहे असे त्यांनीच लिहिले होते. सहा वर्षांनी निस्टने डिझेलचा वाटा नाकारला आणि साध्या कार्यालयीन आगीवर बोट ठेवले. फेमाचे ते ‘कमी संभवाची’ हे शब्द आजही ‘सरकारनेच कबूल केले’ म्हणून फिरवले जातात, जणू मधली सहा वर्षे आणि नंतरचा अहवाल झालाच नाही. मनोऱ्यांच्या बाबतीतही मजल्यावर मजला थप्पीसारखा पडत गेला, हा आरंभीचा समज निस्टने पतनाचे कारण म्हणून पुढे मागे घेतला. वहीत प्रत्येक उताऱ्यापुढे महिना आणि वर्ष लिहिण्याची सवय लावली, तर अर्धेअधिक ‘विसंगतीचे पुरावे’ हे बदलत गेलेल्या माहितीचे टप्पे आहेत असे दिसते.

खंडन करणाऱ्यालाही त्याच रांगेत उभे करावे

‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकी मासिकाने मार्च २००५ मध्ये ११ सप्टेंबरच्या कटकल्पनांचे खंडन करणारा प्रदीर्घ लेख छापला, आणि पुढे वर्षानुवर्षे लोक वादात त्याचाच हवाला देत राहिले. सातव्या इमारतीविषयी त्याने निस्टच्या त्या वेळच्या तात्पुरत्या निष्कर्षांवर भर दिला होता : ढिगाऱ्याने दक्षिण बाजूच्या खालच्या मजल्यांना खोल खिंडार पडले होते, आणि डिझेलवर चाललेल्या आगीनेही हातभार लावला असावा. २००८ च्या अंतिम अहवालात ढिगाऱ्याने केलेले नुकसान पतनाचे मुख्य कारण ठरले नाही आणि डिझेलही बाद झाले. म्हणजे तीन वर्षे अनेक जण ज्या कारणांच्या बळावर शंकेखोरांची थट्टा करत होते, ती कारणे चौकशी करणाऱ्यांनीच पुढे सोडून दिली. यावरून स्फोटके सिद्ध होत नाहीत. पण ‘हे केव्हाच खोडून काढले आहे’ या वाक्याची किंमत किती धरावी हे मात्र कळते.

चांगला खंडनकार ओळखण्याची माझी खूण आपल्या शास्त्रचर्चेतूनच घेतलेली आहे. आधी पूर्वपक्ष मांडावा, तोही समोरच्याला ‘हो, माझे म्हणणे हेच’ असे वाटेल अशा ताकदीने, आणि मगच उत्तरपक्ष सुरू करावा. जो खंडनकार मुक्त पतनाचे २.२५ सेकंद उल्लेखतच नाही, पण परग्रहवासी आणि होलोग्रामच्या विमानांवर पानेच्या पाने भरतो, त्याने सोपे खेळाडू बाद करून शतक ठोकल्याचा आव आणलेला असतो. दुसरी खूण अशी, की त्याने आपल्या बाजूच्या अडचणी स्वतःहून सांगितलेल्या असाव्यात.

आणि त्या अडचणी आहेत. घटनास्थळावरचे पोलाद वेगाने हलवले गेले आणि भंगारात विकले गेले. त्यातले काही भारतात आणि चीनमध्येही आले. सातव्या इमारतीचे म्हणून ओळख पटलेले पोलाद निस्टला तपासायला मिळाले नाही. पुरावा असा हातचा जाऊ देण्याविरुद्ध अमेरिकेच्या अग्निशमन क्षेत्रातूनच जानेवारी २००२ मध्ये जाहीर तक्रार झाली होती, तेव्हा या नाराजीला कटवाद्यांची उपज म्हणता येत नाही. निस्टने संगणकीय प्रतिकृतीची काही माहिती सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण देऊन २००९ मध्ये रोखून धरली, त्यामुळे तिची पूर्ण पडताळणी बाहेरच्या अभियंत्यांना करता येत नाही. गर्डरच्या बैठकीची रुंदी अहवालात ११ इंच धरली होती; आराखड्यांवरून आक्षेप आल्यावर २०१२ मध्ये ती १२ इंच अशी दुरुस्त करण्यात आली, आणि गर्डर घसरण्यासाठी लागणारे अंतर साडेपाच इंचांवरून सव्वासहा इंचांवर गेले. हे सगळे जो सांगतो आणि तरीही आगीचाच निष्कर्ष अधिक बळकट का वाटतो ते समजावतो, त्याचे ऐकावे. जो यातले काहीच सांगत नाही, तो बरोबर असला तरी त्याच्याकडून आपण काही शिकत नाही.

प्रत्येक स्पष्टीकरणाकडून त्याचा खर्च मागावा

अधिकृत कथनात भोके दाखवणे सोपे असते, कारण ते तपशिलात लिहिलेले असते. म्हणून पर्यायी कथनालाही तपशिलात लिहायला लावावे : स्फोटके किती, कुठे, कधी, कोणी बसवली आणि ती आगीत सात तास टिकली कशी?

या बाबतीत आपल्याकडच्या वाचकाजवळ एक उत्तम मोजपट्टी आहे. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडातले सुपरटेकचे जुळे मनोरे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडले गेले, तेव्हा मुंबईच्या ‘एडिफिस इंजिनिअरिंग’ने दक्षिण आफ्रिकेच्या ‘जेट डिमॉलिशन’च्या साहाय्याने ते काम केले होते. सुमारे १०० मीटर उंचीचे ते मनोरे साधारण नऊ सेकंदांत पडले. पण त्या नऊ सेकंदांआधी महिनोन्‌महिने तयारी चालली होती : भिंती काढणे, खांबांना हजारो भोके पाडणे, सुमारे ३,७०० किलो स्फोटके भरणे, खांबांना जाळी आणि कापड गुंडाळणे, तारांचे जाळे जोडणे. आणि कळ दाबल्यावर स्फोटांची मालिका आधी ऐकू आली, मग मनोरे हलले. ते मनोरे काँक्रीटचे होते आणि सातवी इमारत पोलादी, हा फरक खरा आहे. पण पोलादी खांब स्फोटकांनी छेदायचे तर त्यांच्यावरचे आवरण काढून ते उघडे करावे लागतात, बहुधा आधी अर्धवट कापावेही लागतात, आणि हे सगळे माणसे रोज काम करत असलेल्या इमारतीत कोणाच्या नजरेस न येता करावे लागले असते.

आवाजाचा मुद्दा त्याहून निर्णायक आहे. ७९ क्रमांकाचा एकच खांब तोडण्याइतके लहानात लहान स्फोटक वापरले असते, तरी अर्ध्या मैलावर १३० ते १४० डेसिबल आवाज झाला असता, असा निस्टचा हिशेब आहे. इतका आवाज चित्रणांत नाही. दिवसभरात लोकांनी मोठमोठे आवाज ऐकले हे खरे, परंतु जळत्या इमारतीत टाक्या फुटतात, रोहित्रे उडतात, मजले पडतात, आणि घाबरलेला माणूस त्या आवाजाचे वर्णन ‘बाँबसारखा’ असेच करतो. साक्षीतली उपमा आणि साक्षीतली वस्तुस्थिती वेगळी करून लिहावी.

आवाजाची अडचण टाळण्यासाठी थर्माइटची कल्पना पुढे आली. थर्माइट स्फोट न करता प्रचंड उष्णतेने पोलाद कापू शकते. नील्स हॅरिट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका शोधनिबंधात, त्या परिसरातल्या धुळीत अशा पदार्थाचे लाल-राखाडी कण सापडल्याचे म्हटले. तो छापणाऱ्या नियतकालिकाच्या मुख्य संपादकांनी, आपल्या परवानगीविना निबंध प्रसिद्ध झाला असे सांगून राजीनामा दिला. आता हा राजीनामा निबंध चूक असल्याचा पुरावा नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवावे. खरा आक्षेप असा आहे, की ते कण पोलादावरच्या गंजरोधक रंगाचे असू शकतात आणि स्वतंत्र प्रयोगशाळांनी तो निष्कर्ष पुन्हा मिळवून प्रस्थापित केलेला नाही.

पैशाचेही तसेच. अलास्का विद्यापीठातले प्राध्यापक लेरॉय हल्सी यांच्या अभ्यासाने मार्च २०२० मध्ये, आगीमुळे सातवी इमारत पडली नाही, असा निष्कर्ष काढला. त्या अभ्यासाचा खर्च कटाचा दावा करणाऱ्या वास्तुविशारद-अभियंत्यांच्या संघटनेने उचलला होता. कटवादी निस्टला ‘सरकारी’ म्हणून बाद करतात आणि खंडनकार हल्सी यांना ‘विकत घेतलेले’ म्हणून. पैसा कुठून आला हे पाहून आपण किती बारकाईने वाचायचे ते ठरवावे, काय मानायचे ते नव्हे. त्यापेक्षा मला एक वेगळा वाद अधिक उपयोगी वाटतो. या इमारतीखालच्या वीज उपकेंद्राच्या विमा कंपन्यांनी इमारतीच्या मालकांवर निष्काळजीपणाचा दावा लावला होता आणि तो २०१३ मध्ये अपिलात निकाली निघाला. कोट्यवधी डॉलर पणाला लागलेले असताना आणि दोन्ही बाजूंनी नामांकित तज्ज्ञ उभे असतानाही कोणीही स्फोटकांचा मुद्दा मांडला नाही. ज्याला खिशातून पैसे द्यायचे असतात तो कारणे कसून शोधतो.

‘असे आधी कधी घडलेच नव्हते’

हा मुद्दा निस्टलाही मान्य आहे : मुख्यतः आगीमुळे एखादी उंच इमारत संपूर्ण कोसळल्याची ही पहिलीच ज्ञात घटना, असे त्यांनीच म्हटले. विरोधात नेहमी फिलाडेल्फियाच्या ‘वन मेरिडियन प्लाझा’चे उदाहरण येते, १९९१ मध्ये ती ३८ मजली इमारत अठरा तासांहून अधिक जळली आणि उभी राहिली. पण तिथली आग तिसाव्या मजल्यावर पाण्याच्या फवाऱ्यांनी थोपवली. सातव्या इमारतीत शहराच्या जलवाहिन्या फुटल्यामुळे खालच्या मजल्यांच्या फवाऱ्यांना पाणीच नव्हते आणि आग विझवण्याचे काम सोडून द्यावे लागले होते. पुढे १९ जानेवारी २०१७ रोजी तेहरानमधली १७ मजली ‘प्लास्को’ इमारत आगीत कोसळली आणि अग्निशमन दलाचे जवान दगावले. ‘पहिल्यांदा’ हा शब्द सावध करतो, एवढेच त्याचे काम.

योगायोग आणि शब्दांची ओढाताण

इमारतीचे मालक लॅरी सिल्व्हरस्टीन यांनी २००२ च्या एका माहितीपटात ‘पुल इट’ (शब्दशः ‘खेचा’) असे शब्द वापरले आणि त्यावरून पाडण्याची कबुली दिल्याचा बोभाटा झाला. शब्दाचा अर्थ ठरवताना त्या दिवशी काय चालले होते ते पाहावे. इमारतीला आलेला फुगवटा अग्निशमन अधिकाऱ्यांनी उपकरण लावून पाहिला होता, दुपारीच ती पडणार असा त्यांचा अंदाज झाला होता, आणि त्यांनी माणसे मागे घेऊन भोवतालचा परिसर मोकळा केला होता. म्हणूनच तिच्या पडण्यात कोणी मेले नाही. बीबीसीने ती पडल्याची बातमी वीसेक मिनिटे आधी दिली, बातमीदाराच्या मागे ती उभी दिसत होती, हेही खरे. ‘पडणार आहे’ अशी चर्चा सर्वत्र असताना रॉयटर्सने एका स्थानिक वृत्तावरून चुकीची बातमी दिली आणि नंतर मागे घेतली. कट करणारे आपले वेळापत्रक बीबीसीला कळवतील, ही कल्पना कटाची फारशी कदर करणारी नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, तशा गोष्टींसाठी वहीत वेगळे पान ठेवावे. फ्लोरिडातल्या सर्फसाइड येथे २४ जून २०२१ रोजी बारा मजली निवासी इमारत अंशतः कोसळून ९८ माणसे गेली. त्याच्या आदल्याच दिवशी व्हायरसरोधक संगणक-प्रणालीमुळे प्रसिद्ध झालेले उद्योजक जॉन मॅकॅफी स्पेनच्या तुरुंगात मृत्यू पावले होते. लगेच, आपली गुप्त कागदपत्रे त्याच इमारतीत आहेत असे त्यांनी लिहिल्याचे छायाचित्र पसरले. ते बनावट होते. हा बादरायण संबंध जोडायला दोन तारखांखेरीज काही लागले नाही.

खरे कट कसे उघड होतात, तेही पाहावे

इमारती पडण्यामागे माणसांचे संगनमत कधीच नसते, असे मात्र समजू नये. महाराष्ट्रात राहणाऱ्याने तर मुळीच नाही. दक्षिण कोरियाच्या सोलमधले सामपुंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ रोजी कोसळून ५०२ माणसे मेली, तेव्हा पहिला संशय वायुगळतीवर आणि घातपातावर गेला होता. तपासात निघाले ते असे : मूळ आराखडा बदललेला, खांब ठरल्यापेक्षा बारीक, पाचवा मजला वाढवलेला, गच्चीवरची अवजड वातानुकूलन यंत्रे ओढत नेलेली, तडे दिसूनही दुकान चालू ठेवलेले, आणि परवानग्यांसाठी अधिकाऱ्यांना लाच दिलेली. मालक आणि अधिकारी तुरुंगात गेले. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ जण दगावले, त्यातही बांधकाम व्यावसायिकांबरोबर पालिकेचे अधिकारी आणि पोलीस पकडले गेले. या संगनमतांचे स्वरूप ध्यानात घ्यावे : माणसे थोडी, हेतू पैशाचा, खुणा काँक्रीटमध्ये आणि फायलींमध्ये, आणि उलगडा महिन्यांत. एखाद्या दाव्याला हजारो माणसांचे दोन दशकांहून अधिक मौन लागत असेल, तर तो खर्चही वहीत मांडावा.

शेवटी काय लिहावे, आणि मामांना काय कळवावे

माझ्या वहीत सातव्या इमारतीच्या पानावर आज असे आहे. मुक्त पतन सव्वादोन सेकंद : खरे. आतला सांगाडा आधी गेला : जवळजवळ निश्चित, यंत्रखोलीमुळे. कारण आग : बळकट. नेमका तेराव्या मजल्यावरचा तोच गर्डर तसाच घसरला : संभाव्य, पण पोलाद हाती नसल्याने आणि प्रतिकृती खुली नसल्याने याहून ठाम लिहीत नाही. स्फोटके : आवाज नाही, तयारीच्या खुणा नाहीत, अवशेष प्रस्थापित नाहीत. चौथ्या ओळीपर्यंत जाण्याची वेळच आली नाही. सगळ्याला मिळून एकच ‘खरे’ किंवा ‘खोटे’ लिहिण्याचा मोह मी टाळला, कारण एका ओळीत नवी माहिती आली तर तेवढीच ओळ खोडता येते.

कौटुंबिक गटावर उत्तर देताना लांबलचक दुवे पाठवू नयेत, थट्टा तर मुळीच करू नये. चारचौघांत मामांना मूर्ख ठरवले की ते पुढचे चार व्हिडिओ आपल्याला वगळून पाठवतात. समोरच्याचे जे बरोबर आहे ते आधी लिहावे आणि मग एकच प्रश्न विचारावा. मी लिहिले होते ते इतकेच : ‘मामा, इमारत काही वेळ मुक्तपणे पडली हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, चौकशी करणाऱ्यांनीही ते पुढे मान्य केले. पण तुमचा व्हिडिओ थोडा उशिरा सुरू होतो. हा दुसरा सात सेकंद आधीपासूनचा आहे, त्यात गच्चीच्या डाव्या टोकाकडे बघा. ती खोली आधी आत का गेली असेल?’ मामांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले : ‘तीनदा पाहिला. खोली जाते खरी. पण मग त्या खाली कोणी काही लावले असेल तर?’ आता आम्ही तिसऱ्या ओळीवर आहोत, आणि नोएडाचे चित्रण मी त्यांना आवाज मोठा ठेवून ऐकायला पाठवले आहे.